सुख मानण्यावर असतं म्हणतात

ज्या हंगामात आमचा सात महिन्यांचा पगार थकला होता, त्याच हंगामात आमच्या साखर कारखान्याच्या सभागृहात एक व्याख्यान झालं. विषय होता ‘आनंदी मन, यशस्वी काम’. पहाटे चारची पाळी दुपारी बाराला सुटली की घरी न जाता सभागृहात बसायचं, अशी नोटीस टाइम ऑफिसबाहेर लागली होती. आम्ही जाऊन बसलो. कपड्यांना मळीचा वास, डोळ्यांत झोप, पोटात सकाळची एक भाकरी.

व्याख्याते पुण्याहून आले होते. माणूस चांगला होता, हे आधी सांगतो. मनापासून बोलत होते. म्हणाले, सुख परिस्थितीत नसतं, ते मानण्यावर असतं. मग अमेरिकेतला एक अभ्यास सांगितला. लॉटरी लागलेली माणसं आणि अपघातात कायमची लुळी पडलेली माणसं, दोघांना वर्षभराने विचारलं तर दोघंही सारखीच सुखी निघाली. मग सांगा, परिस्थितीचा संबंध राहिला कुठे? टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझ्या शेजारी, साखरेचा दाणा तयार होतो त्या पॅन हाऊसमधले नाना बसले होते. ते मांडीवर हात ठेवून समोर बघत राहिले. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, “सायेब, त्यास्नी कुणीतरी सांगाया पायजे हुतं, हितं पगार न्हाई म्हणून.”

ही २०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. कामात सुख लाभतं ते कशामुळे? मी मानसशास्त्र शिकलेला माणूस नाही. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं आणि १९९६ पासून सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. राहायला आष्ट्याला. जे सांगणार आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं, आणि त्यातलं बरंचसं नानांचं आहे.

साखर कशी तयार होते हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. उसाचा रस पाण्यात कालवलेला चुना आणि गंधकाचा धूर देऊन स्वच्छ करतात. मग तो आटवून साठ ब्रिक्सच्या आसपासचा, म्हणजे शंभर भागांत साठेक भाग साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ असलेला, पाक करतात. तो पाक पॅनमध्ये येतो. पॅन म्हणजे घराएवढं उंच बंद भांडं. आतली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळे पाक साठ-पासष्ट अंशांवरच उकळायला लागतो. त्याहून फार तापला तर साखर रंग धरते. या पॅनमध्ये दाणा वाढवायचा. पाक पातळ राहिला तर असलेला दाणाही विरघळतो. फार घट्ट झाला तर नको असताना नवा बारीक दाणा पडतो. त्याला आम्ही खोटा दाणा म्हणतो, आणि तो पुढे साखर आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगल यंत्राच्या जाळीतून निसटून मळीत जातो. या दोन्हींच्या मधल्या अरुंद जागेत तीन-साडेतीन तास पाक सांभाळायचा, हे पॅनमनचं काम.

नाना हे काम काचेच्या पट्टीवर करायचे. पॅनच्या अंगाला नमुना काढायची पितळी दांडी असते. ती फिरवून ओढली की खाचेत गरम पाक येतो. नाना त्यातला थेंबभर पट्टीवर घ्यायचे, अंगठ्याने पसरायचे आणि वरच्या दिव्यासमोर धरायचे. डावा डोळा मिटलेला. पट्टी जरा तिरकी केली की पाक ओघळायचा आणि दाणे जागेवर राहायचे. एका रात्री मी सहज तिथे गेलो होतो. मला म्हणाले, “ह्यो बगा, ह्येचं कान तुटल्यात. पाणी जास्त झालंय.” दाण्याचे कोपरे झिजून गोल झाले होते, त्याला ते कान तुटणं म्हणायचे. मला साध्या डोळ्यांनी काहीच कळलं नाही. पट्टी तशीच प्रयोगशाळेत नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. एकेका दाण्याचे कोपरे खरोखर गेले होते. परत येईपर्यंत नानांनी पाण्याचा व्हॉल्व्ह बारीक केला होता.

रात्रपाळी आठ ते पहाटे चार. त्यातला तीनचा सुमार सगळ्यात जड. खाली मिलचा धडधडाट चालू असतो, वर पॅन हाऊसमध्ये वाफेने अंग भिजतं, आणि माणसं उभ्या उभ्या पेंगतात. त्या वेळी नाना गळ्यात ओला पंचा टाकून, अभंग गुणगुणत एका पॅनवरून दुसऱ्या पॅनवर फिरत असायचे. त्यांचा पगार माझ्यापेक्षा कमी होता. मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं. घर कृष्णेच्या काठाला, म्हणजे पावसाळ्यात जीव टांगणीला. तरी अख्ख्या पाळीत त्यांच्याएवढा समाधानी माणूस दुसरा नव्हता. माझी खात्री होती की हा स्वभावाचा भाग आहे. प्रयोगशाळेत नवीन पोरगं आलं आणि कुरकुर करायला लागलं की मी त्याला म्हणायचो, जा, वर जाऊन नानांना बघून ये. सुख मानण्यावर असतं.

२०१४ च्या हंगामात नवीन यंत्रणा बसली आणि तिच्यापाठोपाठ एक नवे अधिकारी आले. पॅनचे व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधून उघडायला आणि मिटायला लागले. यंत्रणा वाईट होती असं मी म्हणणार नाही. व्हॅक्यूम, तापमान, घट्टपणा सगळं पडद्यावर दिसायचं, आणि नवख्या माणसाच्या हातून होणारं नुकसान खरंच कमी झालं. पण हुकूम असा निघाला की पॅनमनने विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. दर अर्ध्या तासाला तक्त्यात आकडे भरायचे आणि स्टुलावर बसायचं.

एका रात्री नानांना पट्टीवर खोटा दाणा येताना दिसला. त्यांनी फोन केला, कंट्रोल रूममध्ये कुणी उचलला नाही. मग त्यांनी हाताने पाणी सोडलं, बारीक दाणा विरघळवला आणि अख्खा पॅन वाचवला. सकाळी हातात मेमो पडला, चोवीस तासांत लेखी खुलासा द्या. तो कागद घेऊन नाना माझ्याकडे आले, कारण खुलासा लिहायचा म्हणजे केमिस्टसाहेबांचं अक्षर चांगलं. मी लिहून दिलं, ‘यापुढे असे घडणार नाही, याची हमी देतो.’ नानांनी खाली सही केली. ते वाक्य मी लिहिलं याचं मला आजही वाईट वाटतं. यापुढे काय घडणार नव्हतं? पॅन वाचवणं?

त्यानंतर नाना स्टुलावर बसू लागले. काचेची पट्टी लॉकरमध्ये गेली. गुणगुणणं थांबलं. ज्या माणसाने वर्षानुवर्षं आजारपणाची रजा घेतली नव्हती, तो महिन्यातून दोनदा रजेचा अर्ज देऊ लागला. आणि हे लक्षात घ्या, वेतन कराराची वाढ मिळाल्यामुळे त्यांचा पगार आता आधीपेक्षा जास्त होता. काम हलकं झालं होतं. वाफेत फिरावं लागत नव्हतं. कागदावर बघितलं तर परिस्थिती सुधारली होती. स्वभावही तोच, माणूसही तोच, गळ्यातला पंचासुद्धा तोच. तरी जे होतं ते गेलं.

इथे माझी जुनी समजूत डळमळली. नानांचं समाधान स्वभावातूनच येत असतं, तर एका मेमोने ते जायला नको होतं. आणि पगार आणि आराम म्हणजेच परिस्थिती असेल, तर त्यांनी आता जास्त खूश असायला हवं होतं. खूप विचार करून मला एकच गोष्ट सापडली. आधी त्या पाकात नानांचा हात होता, नंतर तो राहिला नाही. ‘या कामात माझा हात आहे’ असं आपण म्हणतो ना, त्याच अर्थाने. आपण पाहिलं, आपल्याला कळलं, आपण केलं, आणि त्याने फरक पडला.

२०१६ मध्ये माझंही रक्तदाबाचं औषध सुरू झालं. वय बेचाळीस. व्यसन नाही, घरात कुणाला हा त्रास नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हणून सांगितलं. त्या वर्षी माझी पाळी कधी बदलेल हे मला आदल्या दिवशी संध्याकाळी कळायचं. चारच्या पाळीसाठी अडीचला उठायचं म्हणून लवकर आडवं व्हावं, तर नऊ वाजता फोन यायचा, उद्या रात्रपाळीला या. वर्षभर मी मिठाला दोष दिला.

पुढचा भाग माझ्या थोरलीमुळे कळला. ती कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात मानसशास्त्रात एम.ए. करत होती. २०२३ च्या दिवाळीत घरी आली तेव्हा मी तिला त्या व्याख्यानातला लॉटरीचा दाखला सांगितला. तिने मोबाइलवर मूळ निबंधच काढला. १९७८ सालचा, ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांचा. लॉटरी लागलेली माणसं होती २२, अपघातग्रस्त २९, आणि तुलनेला साधी माणसं २२. आपण सध्या किती सुखी आहोत, हे शून्य ते पाच या मापावर त्यांना विचारलं होतं. लॉटरीवाल्यांची सरासरी ४.००, साध्या माणसांची ३.८२ आणि अपघातग्रस्तांची २.९६.

थोरली म्हणाली, “बाबा, हे सारखे आहेत असं कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी चुलीपुढे बसून तो तक्ता दोन-तीनदा वाचला. आयुष्यभर आकड्यांत काम केलंय. चार आणि तीन म्हणजे सारखं नव्हे, एवढं मला कळतं. मला राग आला, खोटं कशाला बोलायचं. सात महिने बिनपगारी माणसांसमोर हा आकडा उलटा सांगितला गेला होता, आणि मी त्याला टाळ्या वाजवल्या होत्या. अर्थात न्यायाने बोलायचं तर व्याख्यानातला अर्धा भाग खरा होता. लॉटरीवाले आणि साधी माणसं यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता. अपघातग्रस्तही आपण कल्पना करू तितके खचलेले नव्हते, मापाच्या मध्याच्या वरच होते. माणसाचं मन बरंच काही पचवतं, हे त्या तक्त्यातही दिसतं. पण सगळं पचवतं असं नाही. आणि एवढ्याशा माणसांवरून जगाचा नियम काढू नये, हे थोरलीनेच मला बजावलं.

तिने आणखी एक अभ्यास दाखवला, आणि तो माझ्या जास्त जवळचा निघाला. लंडनला व्हाइटहॉल नावाचा सरकारी कचेऱ्यांचा भाग आहे. तिथल्या सुमारे १८,००० पुरुष कर्मचाऱ्यांच्या तब्येतीचा अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सगळे सरकारी नोकरीतले. उपाशी कुणी नाही, उन्हात कुणी नाही. तरी सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या माणसांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीपेक्षा तिपटीहून जास्त निघालं. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरलं तरी तो फरक पुरता सुटेना. मग १९८५ पासून मायकेल मार्मट यांनी दुसरी फेरी सुरू केली, स्त्री-पुरुष मिळून १०,३०८ कर्मचारी. त्यात पुढे आलेली एक गोष्ट अशी, की ज्यांना स्वतःच्या कामात स्वतःचं काही ठरवता येत नव्हतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त होता.

हे वाचताना मला अर्थातच नानांचा मेमो आठवला. आणि रात्री नऊचा तो फोन.

आता याच्या दुसऱ्या बाजूचं सांगतो, कारण मन म्हणजे काहीच नाही असं मला अजिबात म्हणायचं नाही.

पगार थकलेल्या त्या सात महिन्यांत घरात मी कसा वागलो ते माझ्या घरच्यांनी पाहिलंय. साखर तेव्हा पडून होती. सरकारने किलोला २९ रुपये किमान विक्री दर ठरवला होता, फेब्रुवारीत तो ३१ केला, पण उठावच नव्हता. कारखान्याकडे पैसा नव्हता हे मला मान्य आहे. तरी पगार पुढच्या महिन्याच्या सात किंवा दहा तारखेच्या आत द्यायचा, हे तेव्हा लागू असलेल्या १९३६ च्या वेतन कायद्यातच लिहिलेलं होतं. आम्ही पाळी चुकवत नव्हतो, तर तारीख का चुकावी? पण हा सगळा राग मी घरी आणून ओतायचो. ताटावर बसलो की भाजीत मीठ नाही, पोरं मोठ्याने बोलतात, टीव्ही का चालू आहे.

एका रात्री बायको म्हणाली, “अहो, पगार नाही ही कारखान्याची चूक. तुम्ही घरात असे तोंड पाडून बसता, ही तुमची.”

त्याच आठवड्यात तिने हातातल्या पाटल्या बँकेत ठेवून पैसे आणले होते. दोन म्हशींचं दूध ती स्वतः डेअरीला घालत होती. मला एका शब्दाने उलट बोलता आलं नाही. व्याख्यात्यांनी सभागृहात जे सांगितलं, तेच तिने सांगितलं होतं. मग त्यांचं आठवून चीड का येते आणि तिच्यापुढे मान खाली का गेली? मी पुष्कळ विचार केला. ती त्याच ताटावर माझ्यासोबत बसली होती. परिस्थिती बदलणं तिच्या हातात नव्हतं, तरी स्वतःच्या हातातलं सगळं ती करून मोकळी झाली होती. ‘आनंदी राहा’ म्हणायचा अधिकार तिने कमावला होता. ज्यांच्या सहीने आमचा पगार निघणार होता, त्यांनी व्याख्यानाऐवजी तारीख सांगायला हवी होती. ‘मार्चअखेर दोन महिन्यांचा देतो’ एवढं जरी म्हटलं असतं, तरी सगळ्या माणसांना त्या रात्री झोप लागली असती.

मी त्यानंतर घरी तोंड पाडून बसलो नाही. बसलो तर उठून म्हशींकडे जायचो. तेवढं माझ्या हातात होतं, आणि त्याने घरात फरक पडला.

आणि मग त्याच वर्षीचा महापूर. २०१९ चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फुटाला धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या गावांतली माणसं अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडली. आष्ट्यात आम्ही गल्लीतल्या दहा-बारा जणांनी एका शाळेच्या आवारात चूल मांडली. पगार अजून निम्मा थकलेलाच होता. पहिल्या दिवशी भात कच्चा राहिला. दुसऱ्या दिवशी मी पाण्याचं प्रमाण वहीत मांडलं, पाच किलोला किती, दहा किलोला किती, भिजवलेल्या तांदळाला किती. तिसऱ्या दिवसापासून भात मोकळा झाला. दुपारी एकपर्यंत पाचशे पाकिटं बांधायची, ट्रॅक्टर आला की चढवायची. कमरेचा काटा ढिला व्हायचा. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, लोकांची जनावरं वाहून गेली होती, अन्न घेताना माणसं रडायची. आणि तरीसुद्धा, हे लिहायला मन कचरतं पण खरं आहे, इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या आठ-दहा दिवसांएवढं कामाचं समाधान मला कधी मिळालं नाही. परिस्थिती त्याहून वाईट असू शकत नव्हती. पण भात मी शिजवत होतो, चूक मला दिसत होती, सुधारणा मीच करत होतो, आणि पाकीट कुणाच्या हातात जातंय ते डोळ्यांसमोर होतं. तिथे मला कुणी मन आनंदी ठेवा म्हणून सांगायची गरज पडली नाही.

एक माणूस मात्र या माझ्या विचारात बसत नव्हता, तो म्हणजे आमच्या कँटीनमधले चहावाले मामा. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. ठेका दुसऱ्याचा, दर दुसऱ्याचा, दूधसुद्धा मोजून मिळायचं. तरी सदा हसतमुख. पगार थकला तेव्हाही हसतमुख. मला वाटायचं, हा एक माणूस पुराव्याला आहे, खरंच मानण्यावर असतं. त्यांच्या निवृत्तीआधी एकदा निवांत गाठून मी त्यांना विचारलंच, मामा, तुम्हाला जमतं कसं? मामा गाळणी झटकत म्हणाले, “हसतोय म्हंजी बरं चाललंय, असं कुणी सांगितलं तुमास्नी? गिऱ्हाईक तोंड बगून च्या घेतंय.”

वीस वर्षं रोज दोनदा मी त्या माणसाच्या हातचा चहा प्यायलो होतो. एकदाही विचारलं नव्हतं. म्हणून आता कुणी कुणाचा दाखला देऊन ‘बघा तो कसा आनंदात आहे’ म्हणालं, की मला पहिल्यांदा हेच वाटतं, त्याला कुणी जाऊन विचारलंय का?

२०२१ पासून प्रयोगशाळा माझ्याकडे आहे. पगार वाढवणं माझ्या हातात नाही. इमारत जुनी आहे, रसातली साखर मोजायच्या पोलरीमीटरची खोली उन्हाळ्यात भट्टी होते, तेही माझ्या हातात नाही. पण पाळीचा तक्ता माझ्या हातात आहे. तो मी महिन्याच्या सुरुवातीला, अख्ख्या महिन्याचा, भिंतीवर लावतो. शेजारी दोरीला पेन्सिल बांधलेली. कुणाला अदलाबदल करायची असेल तर आपापसांत ठरवून दोघांनी सही करायची, मला विचारायचंही नाही. वरून एकदा विचारणा झाली, ही कसली पद्धत. मी तीन महिन्यांची हजेरी पुढे ठेवली. न सांगता मारलेल्या दांड्या जवळजवळ थांबल्या होत्या. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

दुसरं म्हणजे, पोरं आकडे नुसते लिहायची. दर तासाला रसाचा ब्रिक्स, पोल म्हणजे रसातल्या साखरेचं प्रमाण, बगॅसमधली म्हणजे चिपाडातली साखर, लिहिलं की झालं. नमुना घ्यायला उशीर झाला तर मागचाच आकडा पुढे ओढायची, मीही तरुणपणी ओढलाय. मागच्या हंगामाआधी मी सगळ्यांना फळ्यापुढे बसवून हिशेब मांडला. २०२४-२५ साठी उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर, क्विंटलमागे ३४० रुपये होती, आणि त्यापुढे उताऱ्याच्या दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त. कारखान्याचा उतारा दशांशाने एवढासा इकडचा तिकडे झाला, तर शंभर टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याच्या बिलात ३,३२० रुपयांचा फरक. एका पोराच्या बापाचाच ऊस आमच्याकडे येतो. तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे मी आकडा ओढला तर दादांचं बिल चुकतंय?” मी म्हटलं, थोडं का होईना, पण हो. त्या दिवसापासून तो नमुन्याची बाटली स्वतः विसळतो.

ही पोरं त्यामुळे सुखी झाली का, मी छातीठोक सांगणार नाही. मामांनी मला तेवढं शिकवलंय. भिंतीवरच्या पेन्सिली मात्र झिजतात, दर दीड-दोन महिन्यांनी नवीन बांधावी लागते.

यंदा १ नोव्हेंबरला हंगाम सुरू झाला. पहिल्या आठवड्यातल्या साखरेची पुडी घेऊन मी नानांकडे गेलो, दरवर्षी जातो. नाना आता पासष्टीचे. ओसरीवर बसले होते. पुडी सोडून चिमूटभर तळहातावर घेतली, उन्हाकडे वळले, डावा डोळा मिटला आणि बोटाने दाणे सारत राहिले.

“बरा हाय,” म्हणाले. “कोण हाय आता पॅनवर?”

“नवीन पोरगं आहे, नाना. आयटीआय केलेलं.”

“हात लावू देत्यात का त्याला?”

ते जुने अधिकारी गेले, पण हुकूम कागदावर तसाच आहे. दिवसा सगळं कंट्रोल रूममधूनच चालतं. मी म्हटलं, “रात्रपाळीला देतात.”

नानांनी तळहातावरची साखर तोंडात टाकली, पुडीची घडी घातली.

“त्येची रातपाळी कवा हाय?”

आमचा तक्ता बघून आता पॅन हाऊसनेही स्वतःचा लावलाय, आणि येताना तो मी पाहिला होता. “सोमवारपासून.”

“मग मंगळवारी येतो,” नाना म्हणाले. “गेटवर सांगून ठेवा. पयल्या दिवशी नको, त्याला जरा बसू द्या.”